म्हाताऱ्या घोडीचं पोट

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठरात शिरते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, आणि ती शिरतेही अशी तिरकी, की एकदा आत गेलेलं पुन्हा वर येण्याची सोय नाही. त्यामुळे पोटातली आग सांगण्याचे त्याच्याकडे उरलेले मार्ग सगळे आडवळणाचे. खोगीर चढवून तंग कसायला घेतला की मान वळवून चावायला जायचं. चंदीत तोंड घालायचं, दोन घास घ्यायचे आणि बाजूला व्हायचं. गवत मात्र खात राहायचं. दात करकरवायचे. अवेळी आडवं पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. हळूहळू अंगावरची झळाळी जाते, पाठीचा कणा दिसू लागतो. यातलं एकही लक्षण निव्वळ अल्सरचं, म्हणजे जठरातल्या व्रणांचं, नाही, ही खरी पंचाईत. तंग कसताना चावणारी घोडी पाठदुखीनेही चावते, खोगीर खुपत असेल तरी चावते, आणि काही घोड्या स्वभावानेच चावऱ्या असतात.

तबेल्यात हे सगळ्यांत आधी कळतं ते सइसाला. मालकाला उशिरा, डॉक्टरांना त्याहून उशिरा. चंदी भरणारा तोच आणि भांडं धुणाराही तोच, त्यामुळे तळाशी उरलेले मूठभर ओट त्याच्याच नजरेला पडतात. "डॉक्टर, ताप नाही, खोकला नाही, पण घोडी चंदी सोडतेय," एवढंच तो सांगतो. या एका वाक्यात निदानाचं निम्मं काम झालेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही रायडिंग स्कूलमध्ये सहज सापडेल अशी एखादी घोडी डोळ्यांसमोर आणा. जातीची थरोब्रेड, रंगाने कुमैत. तरुणपण शर्यतीत गेलं: पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी. पाय मंदावले तशी ती उडीच्या खेळात आली, आणि आता विशीला टेकलेली, शाळकरी पोरांना पाठीवर घेऊन गोल फिरवते. पोरं तिला गूळ देतात. दर काही महिन्यांनी तिचं पोट बिघडतं, औषधाने बरं होतं, पुन्हा बिघडतं. दुखणं जुनं आहे, बहुधा रेसकोर्सवरून सोबतच आलेलं. ते का परत येतं हे समजून घ्यायचं तर आधी त्या पोटाची रचना पाहावी लागते.

पाचशे किलोच्या या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. गाईच्या पहिल्या कोठीतच शंभर लिटरहून अधिक मावतं. ती एकदा भरून घेते आणि सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला हे सुख नाही. तो थोडं थोडं पण जवळजवळ अखंड खाणारा प्राणी, कुरणात मोकळा सोडला तर दिवसाचे १६ ते १८ तास मान खालीच. त्याच्या जठराने हे गृहीतच धरलंय, म्हणून तिथे आम्ल चोवीस तास पाझरतं. माणसाचं आम्ल जेवणाच्या चाहुलीने वाढतं. घोड्याचं कुणाची वाट पाहत नाही, तासाला दीड लिटरपर्यंत जठररस तयार होत राहतो. त्यावर उतारा म्हणजे लाळ, तिच्यातलं बायकार्बोनेट. भरपूर चरणारा घोडा दिवसाला ३५ ते ४० लिटर लाळ गिळतो. पण ती सुटते फक्त चावताना. गवत संपलं की चावणं थांबतं, चावणं थांबलं की लाळ थांबते, आणि आम्ल तेवढं चालू राहतं.

त्यात जठराचे दोन भाग. खालच्या दोन तृतीयांश भागात ग्रंथी असतात, तिथे श्लेष्म्याचा थर अस्तराला सांभाळतो. वरच्या तिसऱ्या हिश्शाचं अस्तर मात्र अन्ननलिकेसारखंच, उघडं. दोहोंच्या मध्ये एक कंगोरेदार रेघ, आणि बहुतेक व्रण पडतात ते त्या रेघेच्या लगत. पोटात गवत असेल तर त्याच्या धाग्यांचा जाड थर वर राहतो, आणि पाणवठ्यावरून आणलेल्या हंड्यात डहाळी टाकली की पाणी हिंदकळत नाही तसं खालचं आम्ल खालीच राहतं. रिकाम्यापोटी घोडा दौडवला तर पोटाचे स्नायू आवळतात, जठर दाबलं जातं आणि आम्ल थेट त्या उघड्या अस्तरावर चढतं.

शर्यतीचा तबेला चालतो तो नेमका याच्या उलट. दाण्याची चंदी ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा-तीनदा. गवत मोजून, कारण फुगलेल्या पोटाचा घोडा ट्रेनरला नको असतो. उजाडता उजाडता कसून काम, उरलेला दिवस आणि अख्खी रात्र चार भिंतींत. हाँगकाँगमध्ये शवविच्छेदन केलेल्या १९५ थरोब्रेड घोड्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन तृतीयांश घोड्यांच्या जठरात व्रण सापडले. जे मरणाच्या वेळी शर्यतीच्या तयारीत होते त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्के होतं. पुढे दुर्बीण घालून जिवंत घोडे तपासता येऊ लागले तेव्हा काही पाहण्यांत आकडा ९० च्या वर गेला. अमेरिकेत पशुवैद्य मायकल मरे यांनी व्रण मुद्दाम घडवून दाखवले. एक दिवस चारा, एक दिवस उपास, असं आठ दिवस. उपासाचे तास भरले ९६, आणि तेवढ्यात धडधाकट घोड्यांच्या पोटात व्रण उमटले. विष नाही, जंतू नाही, नुसती रिकामी गव्हाण.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की शर्यतीतून सुटका झाली, कुरण मिळालं, की प्रश्न मिटला. निवृत्त घोड्यांबद्दल असं हळवं बोलणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच हाँगकाँगच्या अभ्यासात निवृत्त घोड्यांपैकीही ५२ टक्क्यांना व्रण होते. २००९ साली अमेरिकेत कुरणात मोकळ्या चरणाऱ्या, पैदाशीसाठी ठेवलेल्या थरोब्रेड घोड्या तपासल्या, तर सत्तर टक्क्यांच्या आसपास घोड्यांना व्रण निघाले. हिरवळ उपयोगी खरीच, पण तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. त्यातून महाराष्ट्रात हिरवळ असते चार महिने. दिवाळीनंतर माळ पिवळे पडतात, आणि चैत्र-वैशाखात रायडिंग स्कूलचं पटांगण म्हणजे निव्वळ धुरळा. तिथे घोडी मोकळी सोडली तरी ती चरणार काय?

औषध आहे, आणि ते उत्तम आहे. माणसाच्या अ‍ॅसिडिटीवर घरोघरी खाल्लं जाणारं ओमेप्राझोलच. अमेरिकेत घोड्यांसाठी त्याची खास पेस्ट १९९९ साली मंजूर झाली. नेहमीची मात्रा किलोला चार मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार आठवडे. पाचशे किलोच्या घोडीला म्हणजे रोज दोन ग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या हिशेबात १००. बिल पाहून मालकाच्याच पोटात आग पडावी असा हा हिशेब. पैसे वाचवायला कुणी कॅप्सूल फोडून आतले दाणे कुटून चंदीत मिसळतात, आणि तिथे औषध वाया जातं, कारण ओमेप्राझोलला आम्लाचंच वावडं. कवच फुटलं की आतड्यापर्यंत पोचण्याआधी जठरातच त्याचा नाश होतो. वेळही पाळावी लागते: पहाटे, गवत पडण्याच्या आधी, आणि मग अर्धा-पाऊण तास थांबून वैरण. ही वेळ सांभाळली तर कमी मात्राही पुरते, असं आता बरेच डॉक्टर मानतात.

वरच्या भागातले व्रण अशा महिन्याभरात बहुतेक घोड्यांत भरून येतात. खालच्या, ग्रंथींच्या भागातलं दुखणं हट्टी. नुसत्या ओमेप्राझोलवर चारांत एखादाच घोडा पूर्ण बरा होतो. तिथे सुक्राल्फेट जोडावं लागतं, नाहीतर मिसोप्रोस्टॉल. हे दुसरं औषध गर्भवती बाईने हाताळू नये, ही सूचना तबेल्यात मोठ्या अक्षरांत लावलेली बरी. या दोन दुखण्यांना एकाच नावाखाली मोजणं थांबवावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकमताने लिहिलं. दोन्ही दुखण्यांची कारणंही पुरती एक नाहीत. आणि माणसासारखा जंतूवर ठपका ठेवावा, तर तीही वाट बंद आहे. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टरचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, पुढे २००५ चं नोबेल रॉबिन वॉरन यांच्यासह मिळवलं, आणि माणसाचा अल्सर बऱ्याच अंशी अँटिबायोटिकने बरा होणारा रोग ठरला. घोड्याच्या अल्सरमागे असा जंतू आहे, हे काही सिद्ध झालेलं नाही. तिथे आरोपी म्हणून उभं राहतं ते वेळापत्रक.

म्हणून औषध थांबलं की व्रण परततात. काही दिवस दाबून धरलेलं आम्ल औषध बंद होताच उसळी मारतं, तेही पहिल्या काही दिवसांतच. म्हणून जाणते डॉक्टर डोस एकदम तोडत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. पण उतरवून घोडी पुन्हा त्याच रिकाम्या रात्रीत जाणार असेल, तर चार आठवड्यांचा खर्च पुढच्या चार आठवड्यांत पाण्यात गेला म्हणायचा.

इथपर्यंतचं सगळं तरुण घोड्यालाही लागू आहे. विशीतल्या घोडीचं निराळेपण सुरू होतं तोंडापासून. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तेवढेच झिजतात. विशी ओलांडली की साठा संपत येतो. दाढा गुळगुळीत होतात, एखादी पडते, तिच्या समोरची उंच वाढते, कडा गालाला टोचतात. घोडी गवत तोंडात घेते, घोळवते आणि ओले बोळे करून खाली टाकते. गव्हाणीखाली असे बोळे दिसले की दातांच्या डॉक्टरांना बोलवायची वेळ झाली. कडा कानशीने घासून देता येतात, पण झिजलेला दात परत येत नाही. चावणं कमी म्हणजे लाळ कमी, आणि लाळ कमी म्हणजे पुढचं सगळं आलंच.

मग चारा बदलायचा. लांब गवताऐवजी कुट्टी, तीही भिजवून. त्यात लसूणघास. लसूणघासातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्लाला आवर घालतात, हे प्रयोगांनी दाखवलंय, आणि महाराष्ट्रात ही वैरण बागायती गावांत बारमाही मिळते, हे आपल्याकडच्या घोड्यांचं भाग्य. काम सुरू करण्याआधी दोन ओंजळी लसूणघासाची कुट्टी खाऊ घातली, तर पोटातला तो थर तयार होतो. पूर्वी "भरल्यापोटी घोडा पळवू नये" असं शिकवत. ते भरपेट चंदीबद्दल खरं आहे, मूठभर वैरणीबद्दल नाही. चंदी मात्र कापायची. पिष्ट पदार्थ जठरातच आंबतात, त्यांतून निघणारी आम्लं त्या उघड्या अस्तराला आणखी भाजतात. पाचशे किलोच्या घोडीला दिवसभरात किलोभराहून जास्त पिष्ट जाऊ नये, आणि एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त तर नाहीच. म्हातारी घोडी रोडावली की घरातल्या आजीसारखी तिच्यावर माया दाटून येते, सईस मापापेक्षा ओंजळभर जव जास्त टाकतो, आणि त्या मायेनेच पोट पुन्हा पेटतं. वजन वाढवायचं तर दाण्याऐवजी थोडं तेल घालणं बरं.

गुळाचं काय? पोरांच्या हातचा खडा तिच्या अल्सरला फारसा बाधत नसेल, पण या वयात गूळ दुसऱ्याच दारातून येऊन गाठतो. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर पाचांतल्या एका घोड्याला पियुषिका ग्रंथीचा विकार निघाला, ज्याला तबेल्यात कुशिंग म्हणतात. केस लांब वाढतात, झडत नाहीत, पाठीवरचं मांस ओसरतं, आणि काही घोड्यांत रक्तातलं इन्शुलिन चढून खुरांच्या आत दाह होतो. खूर पेटलेला घोडा उभा राहू शकत नाही. अशा घोडीला साखर तोडायची, हिरवळीवर सोडणंही मोजून-मापून. म्हणजे पोटाचा डॉक्टर सांगतो चरू द्या, खुराचा डॉक्टर सांगतो चरू देऊ नका. बरेचदा दोन्ही डॉक्टर एकच गृहस्थ असतात. मधली वाट म्हणजे वाळलेलं गवत पाण्यात भिजवून, ते साखरेचं पाणी ओतून टाकून, मग घालणं. कुशिंगवर पर्गोलाइड देतात. त्याने काही घोड्यांची भूकच मरते. चंदी सुटली म्हणून सईस सांगत येतो, आणि आता ती अल्सरने सुटली की गोळीने, हे कुणी छातीठोक सांगावं?

त्याहून अवघड प्रकरण सांध्यांचं. उड्या मारलेल्या, शर्यत पळालेल्या घोडीचे गुडघे आणि खुरावरचे सांधे या वयात धरलेले असतातच. त्यावर जगभरच्या तबेल्यांचं जुनं, स्वस्त औषध म्हणजे फिनाइलब्युटाझोन. ते वेदना थांबवतं, पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनंही थांबवतं. मग वाटतं, सोबत ओमेप्राझोल देऊन टाकू, माणसांना देतात तसं. ही जोडी एका प्रयोगात तपासली गेली. जठरातले व्रण कमी झाले, पण आतड्यांच्या गंभीर तक्रारी वाढल्या. म्हणजे आग वरच्या मजल्यावरून खाली उतरली. फिरोकॉक्सिबसारखं जास्त नेमकं औषध जठराला कमी त्रास देतं, पण महाग पडतं. विशीतल्या घोडीच्या मालकाला शेवटी एक अप्रिय प्रश्न सोडवावाच लागतो: लंगडणं थोडं सोसायचं की पोट? दोन्ही पूर्ण बरं करण्याची आशा धरणारा मालक डॉक्टर बदलत राहतो. शहाणा मालक धड्याची वेळ अर्ध्यावर आणतो, उड्या बंद करतो, रोज सावकाश चालवतो, आणि सांध्यांची गोळी फक्त वाईट दिवसांपुरती ठेवतो.

व्रण खरंच आहेत की नाहीत हे एकदा पाहून घ्यावं, असं सगळेच म्हणतात. त्यासाठी तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकपुडीतून जठरापर्यंत उतरवतात आणि व्रणांना शून्य ते चार असा दर्जा देतात. मात्र जठर रिकामं हवं, म्हणून आदल्या दिवसापासून सोळा तासांच्या आसपास चारा बंद. उपासाने होणारं दुखणं पाहण्यासाठी उपास. एवढ्याने काही बिघडत नाही, पण रोडावलेल्या म्हातारीला दर महिन्याला या दिव्यातून काढणं कुणालाच पटत नाही. म्हणून पहिली तपासणी दुर्बिणीने, औषधाचा कोर्स संपताना जमलं तर दुसरी, आणि पुढे भिस्त चंदीच्या भांड्यावर, तंगावर आणि वजनाच्या फितीवर.

राहते ती रात्र. बंद तबेल्यातल्या घोड्यांच्या जठरात आम्लता सर्वांत तीव्र असते ती मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत, कारण तेव्हा खाणं जवळजवळ थांबलेलं असतं. संध्याकाळी सातला टाकलेलं गवत भुकेली घोडी दहापर्यंत संपवते. पुढचं पडतं पहाटे. इलाज साधा, पण माणसांना जड. झोपण्याआधी, दहा-अकराच्या सुमारास, आणखी एक फेरी. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं तर तेच गवत जास्त वेळ पुरतं. मात्र झिजलेल्या दातांच्या घोडीला जाळीतून गवत उपटणं जमत नाही, तिला रुंद टोपल्यात भिजवलेली कुट्टीच हवी, आणि ती उन्हाळ्यात रात्रभरात आंबते. म्हणून थोडी थोडी, दोनदा. पावसाळ्यात गंजीतल्या गवताला बुरशी धरते, ते वास घेऊन बाजूला काढायचं. दिवसभरात सुक्या वजनाच्या हिशेबाने सात-साडेसात किलो वैरण पोटात गेली पाहिजे, आणि पाणी कधी तुटता कामा नये.

घोडी एकटी नको, शेजारच्या खणात ओळखीचा घोडा दिसत राहावा. आठवड्यातून निदान दोन दिवस पूर्ण सुट्टी. आणि माणसं सारखी बदलू नयेत. फिनलंडमधल्या एका अभ्यासात जठराच्या खालच्या भागातलं दुखणं आणि घोडा हाताळणाऱ्या माणसांची संख्या यांचा संबंध दिसला. जितके हात जास्त, तितका धोका जास्त. रायडिंग स्कूलच्या घोडीला तर रोज नवे हात. पोरं बदलतात, शिकवणारे बदलतात, आणि सईस वर्षातून एकदा महिनाभर गावी जातो. त्याच महिन्यात चंदी सुटते, असा अनुभव तबेलेवाले सांगतात, आणि ते तेव्हा नव्या माणसाच्या नावाने खडे फोडतात. त्याऐवजी नवा माणूस आठवडाभर आधी बोलावून जुन्यासोबत कामाला लावावा, पहिले काही दिवस चारा दोघांनी मिळून टाकावा, घोडीला पोरांच्या धड्यांतून वगळावं, आणि डॉक्टरांशी बोलून त्या महिन्यापुरता ओमेप्राझोलचा छोटा डोस आधीच सुरू करावा. सइसाच्या रजेचा अर्ज मंजूर करतानाच हे सगळं ठरवून ठेवलेलं बरं, कारण तो गेल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेले ओट मोजायला कुणी नसतं.